केतकर, व्यंकटेश बापूजी

केतकर, व्यंकटेश बापूजी (१८ जानेवारी १८५४ – ३ ऑगस्ट १९३०). गणिती ज्योतिषी, पंचांगशोधक आणि पेशाने शाळामास्तर. जन्म नरगुंद येथे. आज गदग जिल्ह्यात असलेले हे गाव तेव्हा भावे घराण्याच्या छोट्या मराठी संस्थानाची राजधानी होते. केतकर चार वर्षांचे असताना संस्थानिक बाबासाहेब भावे यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. जून १८५८ मध्ये त्यांना बेळगावात फाशी दिले गेले आणि संस्थान खालसा झाले.

विसाव्या वर्षी केतकर मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यात नोकरीला लागले आणि १९११ पर्यंत त्याच खात्यात राहिले. बागलकोटच्या इंग्रजी शाळेचे ते मुख्याध्यापक होते. हाताशी वेधशाळा नाही की विद्यापीठातली जागा नाही. पाश्चात्त्य ज्योतिर्गणित त्यांनी नोकरी सांभाळून आत्मसात केले.

त्यांचे नाव निघाले की प्लूटोची गोष्ट हमखास निघते. १९११ मध्ये फ्रान्सच्या ज्योतिष संस्थेच्या पत्रिकेत त्यांनी नेपच्यूनपलीकडे दोन ग्रह असावेत असे मांडले आणि त्यांना ब्रह्मा व विष्णू अशी नावे दिली. ब्रह्माचे सूर्यापासूनचे अंतर पृथ्वीच्या ३८.९५ पट आणि प्रदक्षिणाकाळ २४२.२८ वर्षे, असे त्यांचे गणित होते. १९३० मध्ये प्लूटो सापडला. त्याचे सरासरी अंतर सुमारे ३९.५ पट आणि काळ २४८ वर्षे निघाला. मात्र यावरून ‘प्लूटो केतकरांनी शोधला’ म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. गुरूच्या चंद्रांच्या गतींत फ्रेंच गणिती लाप्लासला दिसलेला मेळ बाहेरच्या ग्रहांनाही लागू पडतो, हे त्यांचे गृहीतक टिकले नाही. आकाशात नेमके कुठे पाहावे हेही त्यांनी सांगितले नव्हते. विष्णू तर सापडलाच नाही.

त्यांचे खरे काम पंचांगाचे. १५२० च्या सुमाराच्या ‘ग्रहलाघव’ या ज्योतिषग्रंथावरून काढलेली ग्रहणे आणि ग्रहांची स्थाने प्रत्यक्ष आकाशाशी जुळेनाशी झाली होती. केतकरांनी ‘ज्योतिर्गणितम्’ आणि ‘केतकी ग्रहगणितम्’ या संस्कृत ग्रंथांत नव्या मानांवर आधारलेली गणितपद्धती दिली. पंचांगकर्त्याला परंपरेतल्या भाषेतच आधुनिक गणित मिळाले, ही त्यातली मेख.

राशिचक्र कुठून मोजायचे, हा तेव्हाचा कडाक्याचा वाद. गणिती केरोपंत छत्रे आणि लोकमान्य टिळक यांचा पक्ष रेवती नक्षत्राच्या योगताऱ्याचा, म्हणजे त्याच्या मुख्य ताऱ्याचा. पण तो तारा इतका मंद की चांदण्यात शोधणेही कठीण. केतकरांनी चित्रा धरली. चैत्री पौर्णिमेच्या आसपास चंद्राजवळ चमकणारा हा ठळक तारा १८० अंशांवर मानायचा आणि त्याच्या बरोबर समोर मेषारंभ घ्यायचा. दोन्ही पक्षांत जवळपास चार अंशांचा फरक पडतो. म्हणूनच टिळक पंचांगाची मकरसंक्रांत १० जानेवारीला येते, तर बेळगाव-निपाणीकडच्या बहुतेक मराठी घरांत तिळगूळ १४ किंवा १५ जानेवारीला वाटला जातो. अधिक मास वेगळा आला, तर गणपतीही महिनाभर मागेपुढे होतो. सोलापूरचे दाते पंचांग चित्रापक्षाचे आहे; भौतिकशास्त्रज्ञ मेघनाद साहा यांच्या पंचांग सुधारणा समितीच्या शिफारशींवरून १९५७ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय पंचांगानेही निरयन (ताऱ्यांच्या आधाराने केलेल्या) गणनेसाठी चित्रेवर आधारलेला अयनांशच (वसंतसंपातापासून मेषारंभापर्यंतचे अंशांतले अंतर) घेतला.