हवाईची देशी झाडं रोपवाटिकेत इतक्या उशिरा का पोहोचली?

होनोलुलूत पाहुण्याच्या गळ्यात पडणाऱ्या हारातला चाफा मूळचा अमेरिका खंडातला. हॉटेलच्या कुंपणावरची बोगनवेल दक्षिण अमेरिकेतली. अँथुरियमचं घर कोलंबियाकडे; हवाईत ते 1889 मध्ये आलं, तेही लंडनहून. 'हवाई' म्हणून जगाला दाखवली जाणारी बाग अशी बरीचशी उसनी आहे. एरवी या बेटांवर देशी सपुष्प वनस्पतींच्या जवळजवळ हजार प्रजाती आहेत आणि त्यांतल्या दहापैकी सुमारे नऊ जगात दुसरीकडे कुठेही आढळत नाहीत.

ही झाडं बागेत आली नाहीत, यामागे उसाचं राजकारण आहे. आजच्या हवाई विद्यापीठाची सुरुवात 1907 मध्ये कृषी महाविद्यालय म्हणून झाली. पैसा होता ऊस आणि अननसात. मोकाट गुरांनी डोंगर उघडे केले, ओढे आटू लागले, तेव्हा उसाला पाणी मिळावं म्हणून मळेवाल्यांच्या संघटनेने 1918 मध्ये होनोलुलूतल्या मानोआच्या खोऱ्यात वृक्षांची चाचणी-बाग सुरू केली. तिचे कर्तेधर्ते हॅरॉल्ड लायन हे वनस्पतिशास्त्रज्ञ. देशी जंगल पुन्हा उभं राहणार नाही, अशी त्यांची खात्री होती. म्हणून लावली ती परदेशी झाडं. बाहेरून आणलेल्या वड-उंबराच्या भाईबंदांना फळात बी धरावं म्हणून त्यांच्या परागीभवनाचे चिमुकले कीटकही मुद्दाम मागवले! 1953 मध्ये ही बाग विद्यापीठाकडे आली आणि आज ती लायन यांच्याच नावाने ओळखली जाते.

विद्यापीठाच्या पुष्पशेतीचं नाव झालं तेही परदेशी फुलांवर. हारुयुकी कामेमोतो यांनी तिथे डेंड्रोबियम ऑर्किड आणि अँथुरियमचे संकर केले, त्यावर निर्यातीचा व्यवसाय वाढला. त्यात गैर काही नव्हतं, पण देशी झाडांसाठी हात मोकळे राहिले नाहीत. अपवाद जास्वंदीचा. इथल्या पांढऱ्या, मंद सुगंधाच्या देशी जास्वंदीचा चिनी लाल जास्वंदीशी संकर विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच होऊ लागला होता. हौस अशी की 1913 मध्ये कृषी प्रयोग केंद्राने शोभेच्या जास्वंदीवर स्वतंत्र पुस्तिका काढली. तरी राज्याचं फूल म्हणून चित्रांत लालच जास्वंद मिरवत राहिली. देशी पिवळ्या जास्वंदीला, माओ हाउ हेलेला, तो मान 1988 मध्ये मिळाला आणि 1994 मध्ये तीच अमेरिकेच्या संकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेली.

1970 च्या दशकात हवाईयन भाषा, हुला नृत्य, जुनी नौकानयनाची विद्या यांना नवी पालवी फुटली. त्याच दशकात संकटग्रस्त प्रजातींचा कायदाही झाला. पुढे 1992 मध्ये राज्याने सरकारी आवारांत देशी झाडं लावण्याचा कायदा केला. पण लावायची तर रोपं आणायची कुठून?

विद्यापीठाच्या कामाचं मोल इथे कळतं. संवर्धनवाल्याला एक रोप जगलं तरी पुरतं. रोपवाटिकेला ठरलेल्या तारखेला एकसारखी हजार रोपं लागतात. रिचर्ड क्रायली यांच्यासारख्या उद्यानविद्येच्या प्राध्यापकांनी छाट कलमं, संप्रेरकं, फुलण्याची वेळ असे रोपवाटिकेचे प्रश्न हाताळले. काही झाडं सोपी निघाली: निर्गुडीच्या कुळातली, वाळूवर पसरणारी पोहिनाहिना फांदीपासून सहज मुळं धरते. काही हट्टी. इलिमा ही आपल्या रानातल्या चिकण्याची सख्खी चुलतबहीण. तिच्या नारिंगी-पिवळ्या फुलांचे हार होतात. तिच्या बियांचं कवच खरवडल्याशिवाय किंवा गरम पाण्यात भिजवल्याशिवाय पाणी आत शिरत नाही. इथल्या देशी जंगलातला मुख्य वृक्ष म्हणजे ओहिआ लेहुआ. त्याचं बी तर धुळीसारखं. ते मातीखाली दाबायचं नाही, वरच भुरभुरायचं.

मला सर्वांत रस वाटतो तो पिली गवतात. म्हणजे आपलं कुसळी गवत, पावसाळा संपल्यावर सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या मोज्यांत घुसतं तेच. हवाईत पूर्वी घरं त्यानेच शाकारत. रस्त्याकडेच्या उतारांवर ते लावायचं ठरलं, पण ताजं बी उगवेना. ऑरविल बाल्डोस, जोसेफ डीफ्रँक आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की बी उबदार, अगदी कोरड्या हवेत काही महिने ठेवलं की त्याची सुप्तावस्था मोडते. साठवणीची आर्द्रता किती, एवढ्या प्रश्नावर लावणीचं गणित अडलं होतं.

दुर्मीळ झाडांसाठी लायन यांच्याच बागेत ऊतिसंवर्धनाची, म्हणजे झाडाच्या छोट्या तुकड्यापासून नवं रोप वाढवण्याची, प्रयोगशाळा उभी राहिली. ज्या माणसाने देशी जंगलाची आशा सोडली होती, त्याच्या नावाच्या बागेत आता तीच झाडं काचेच्या नळ्यांत वाढतात. संवर्धनाची दुसरी बाजू अलुला या देशी झाडात दिसते. काउआई बेटाच्या कड्यांवर दोर लावून उतरत वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचं हाताने परागीभवन केलं, बी आणलं. निसर्गात ती बहुधा उरलेली नाही. युरोपात मात्र कुंडीतलं शोभेचं झाड म्हणून विकत मिळते.

2015 च्या कायद्याने सरकारी बागांत देशी झाडांचा वाटा 2019 पर्यंत 10, 2025 पर्यंत 25 आणि 2030 पर्यंत 35 टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट घातलं. त्याच वर्षी ओहिआ मारणाऱ्या बुरशीमुळे, राज्याच्याच नावाच्या सर्वांत मोठ्या हवाई बेटावरून ओहिआची झाडं इतर बेटांवर नेण्यावर निर्बंध आले. त्यामुळे होनोलुलू ज्या बेटावर आहे त्या ओआहूला लागणारी ओहिआची रोपं आता हवाई बेटावरून सहज आणता येत नाहीत.