औषध देणे (परिचर्याशास्त्र)

डॉक्टरांनी लिहिलेले औषध रुग्णाच्या शरीरात प्रत्यक्ष पोहोचवणे, त्याची नोंद करणे आणि नंतर रुग्णावर लक्ष ठेवणे, हे परिचारिकेचे काम. लिहिताना झालेली चूक औषध काढून देणाऱ्याच्या ध्यानात येऊ शकते, त्याच्याकडून सुटलेली वॉर्डात सापडू शकते. पण सिस्टरने सिरिंजचा दट्ट्या दाबल्यावर ती पकडायला पुढे कोणी उरत नाही. म्हणून नर्सिंगच्या विद्यार्थ्यांना हा विषय सुरुवातीलाच शिकवतात.

शिकवण्याचा रूढ सांगाडा पाच ‘योग्यां’चा आहे: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग आणि योग्य वेळ. पुढे त्यात नोंद, औषधाचे कारण, दिसलेला परिणाम, रुग्णाचा नकार देण्याचा हक्क अशी भर पडत गेली आणि यादी काही पुस्तकांत दहापर्यंत पोहोचली. परीक्षेत किती लिहायचे हे हातातल्या पुस्तकावर ठरते. मात्र शेवटी काय बरोबर असायला हवे एवढेच ही यादी सांगते. ते बरोबर आहे हे कसे तपासायचे, हा खरा धडा आहे.

रुग्णाची ओळख किमान दोन खुणांनी पटवतात: पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक. खाट क्रमांक ही ओळख नव्हे, कारण खाटा बदलतात. एका वॉर्डात दोन शिंदे असणे आपल्याकडे नवलाचे नाही. “तुम्ही शिंदेबाई ना?” असे विचारले तर ऐकू कमी येणारी आजी मान डोलावते. “आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा” असे विचारून मनगटावरची पट्टी आणि केस पेपर ताडून पाहावा. ॲलर्जीचा प्रश्नही याच वेळी विचारावा, आधी विचारलेला असला तरी.

औषधाचे लेबल तीनदा वाचायचे असते: कपाटातून काढताना, मात्रा भरताना आणि रुग्णाजवळ देण्याआधी. ‘वाचणे’ म्हणजे नाव, तीव्रता आणि मुदत हे तिन्ही. डब्याचा रंग किंवा ठरलेली जागा पाहून औषध उचलणे म्हणजे वाचणे नव्हे. ट्रीटमेंट शीटवरचे ओडी (दिवसातून एकदा), बीडी (दोनदा), टीडीएस (तीनदा), एचएस (झोपताना), एसओएस (गरज पडल्यास) हे संक्षेप पाठ असतातच. घात होतो तो अंकांत. ‘.5’ मधला बिंदू पुसट झाला की 5 होतात, म्हणून ‘0.5’ लिहावे; ‘1.0’ चे 10 वाचले जातात, म्हणून नुसता ‘1’ लिहावा. ‘युनिट’ हा शब्द पूर्ण लिहावा, कारण त्याचे इंग्रजी आद्याक्षर घाईत शून्यासारखे दिसते. अक्षर लागले नाही तर अंदाज न करता लिहिणाऱ्यालाच विचारावे. फोनवरची तोंडी ऑर्डर तातडीपुरतीच घ्यावी. ती लिहून घ्यावी, वाचून दाखवावी आणि नंतर डॉक्टरांची सही घ्यावी.

मात्रेचे गणित सोपे आहे: हवी असलेली मात्रा भागिले हाताशी असलेली मात्रा, गुणिले तिचे आकारमान. 12 किलोच्या मुलाला किलोमागे 15 मि.ग्रॅ. पॅरासिटामॉल द्यायचे तर 180 मि.ग्रॅ. लागेल. 5 मि.ली.त 250 मि.ग्रॅ. असलेल्या सिरपचे हे 3.6 मि.ली. होतात आणि 125 मि.ग्रॅ.वाल्याचे 7.2. औषध तेच, बाटलीही तशीच, पण आकडा दुप्पट. म्हणूनच ‘एक चमचा’ ही मात्रा होऊ शकत नाही. सलाईनच्या थेंबांचे गणित असे: 500 मि.ली. 4 तासांत द्यायचे आणि सलाईनच्या नळीचा सेट 20 थेंबांना 1 मि.ली. देणारा असेल, तर मिनिटाला सुमारे 42 थेंब. उत्तर विचित्र आले, म्हणजे एका मात्रेसाठी पाच ॲम्प्यूल (औषधाच्या छोट्या बंद कुप्या) फोडायची वेळ आली, तर थांबून दुसऱ्याकडून तपासून घ्यावे.

काही औषधांत चुकीला माफी नसते. भारतात इन्सुलिन 1 मि.ली.त 40 आणि 100 युनिट अशा दोन्ही तीव्रतांत मिळते. 40 ची सिरिंज लाल टोपणाची, 100 ची केशरी. 100 चे इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये 10 च्या खुणेपर्यंत ओढले तर 10 नव्हे, 25 युनिट जातात. उलट अदलाबदल झाली तर जेमतेम 4. पोटॅशियम क्लोराइडच्या 10 मि.ली.च्या ॲम्प्यूलमध्ये 20 मिलीइक्विव्हॅलंट (क्षारांचे प्रमाण मोजण्याचे एकक) पोटॅशियम असते. ते थेट शिरेत दिल्यास हृदय बंद पडू शकते, म्हणून ते नेहमी सलाईनमध्ये मिसळून हळूहळू देतात. टांगलेल्या बाटलीत नुसते टोचल्यास ते तळाशी साचून एकदम जाते, त्यामुळे बाटली खाली घेऊन, उलटीपालटी करून नीट मिसळावी लागते. डिगॉक्सिन या हृदयाच्या औषधाआधी नाडी पूर्ण एक मिनिट मोजतात. प्रौढात ती 60 च्या खाली असेल तर मात्रा रोखून डॉक्टरांना कळवतात. अशा औषधांना दुसऱ्या सिस्टरची तपासणी लागते, आणि तिने आकडा ऐकून ‘हो’ म्हणण्याऐवजी हिशेब स्वतः करायचा असतो.

जिने औषध भरले तिनेच ते द्यावे. नाव न लिहिलेली, भरून ठेवलेली सिरिंज टाकून द्यायची असते, महाग औषध असले तरी. राइल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकावाटे जठरात घातलेल्या नळीतून, देण्यासाठी गोळ्या कुटताना ‘एसआर’ किंवा ‘ईआर’ लिहिलेली, म्हणजे औषध हळूहळू सोडणारी, गोळी कुटू नये. बारा तासांचे औषध एकदम सुटते. अँटिबायोटिकची त्वचा चाचणी निर्दोष आली तरी पहिल्या मात्रेनंतर रुग्णाजवळ थांबावे आणि तीव्र ॲलर्जीवर द्यायचे ॲड्रेनालिन हाताशी ठेवावे.

नोंद औषध दिल्यानंतरच करायची. राउंडपूर्वी सह्या उरकण्याची सवय रात्रपाळीत लागते. एका सिस्टरकडे सारा वॉर्ड असतो, हे कारण खरे आहे, तरी त्या सह्यांमुळे न मिळालेले औषध कागदावर मिळालेले दिसते. चूक झालीच तर आधी रुग्णाला पाहावे, मग डॉक्टरांना कळवावे आणि घटनेचा अहवाल लिहावा. थोडक्यात टळलेली चूकही लिहावी. बरेचदा तिच्यामागे माणसाचा निष्काळजीपणा नसतो, तर एकाच खणात शेजारी ठेवलेली सारखी ॲम्प्यूल असतात, आणि खण बदलला की ती चूक घडायची थांबते. जागतिक आरोग्य संघटनेने 2017 मध्ये औषधांमुळे होणारी टाळता येण्याजोगी हानी कमी करण्याची मोहीम जाहीर केली, तिचाही रोख व्यवस्था सुधारण्यावर होता. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद मात्र वेगळी: 2010 मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाकडे ती परिचारिकाही थेट पाठवू शकते.