परत भरलेला फॉर्म आणि परत उघडलेलं पान

एका छोट्या शिष्यवृत्तीच्या ऑनलाइन अर्जाचं काम माझ्याकडे होतं. अर्ज सुरू झाल्यावर दोन तक्रारी आल्या. पहिली एका विद्यार्थिनीची: “सर, जिल्ह्यात सातारा दिसतंय, पण तालुकाच येत नाही.” ती लॅपटॉपवर फायरफॉक्स वापरत होती. दुसरी तक्रार आयफोनवरून आली: “बटण करडं झालंय, ‘पाठवत आहोत…’ असं लिहून तसंच बसलंय.” माझ्याकडच्या क्रोममध्ये दोन्ही गोष्टी बिनबोभाट चालत होत्या.

मी दोन्ही तक्रारींवर एकच शिक्का मारला: ब्राउझर जुनं काहीतरी धरून ठेवतोय, कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या जुन्या फायली) साफ करा. त्यात माझे दोन दिवस गेले. जुनं धरून ठेवलं जात होतं हे खरं, पण दोन्हीकडे धरून ठेवलेली वस्तू वेगळी होती. एकीकडे ब्राउझरने पान नव्याने आणलं आणि त्यातले रकाने जुन्या उत्तरांनी परत भरले. दुसरीकडे पान नव्याने आणलंच नाही, आधीचंच पान जसंच्या तसं समोर ठेवलं.

आधी विद्यार्थिनीची तक्रार. नेट अडकलं म्हणून तिने एफ-पाच दाबून पान रिफ्रेश केलं होतं. साध्या रिफ्रेशला फायरफॉक्स रकान्यांमध्ये भरलेलं लक्षात ठेवतो. पान सर्व्हरवरून नव्याने येतं, स्क्रिप्ट (पानासोबत येऊन ब्राउझरमध्ये चालणारा कोड) पहिल्या ओळीपासून धावते आणि रकान्यांत मघाचीच उत्तरं बसवली जातात. म्हणून जिल्ह्याच्या ड्रॉपडाउनमध्ये ‘सातारा’ तसाच राहिला. तालुक्यांची यादी मात्र आमची स्क्रिप्ट भरायची, तीही जिल्ह्याचा ‘चेंज’ इव्हेंट (निवड बदलल्याची ब्राउझरकडून मिळणारी सूचना) आला की. ब्राउझरने स्वतः उत्तर बसवलं तेव्हा फायरफॉक्सने तो इव्हेंट दिला नाही. वर सातारा, खाली नुसतं ‘तालुका निवडा’. साताऱ्याचे 11 तालुके, पण यादीत एकही नाही.

यातला सगळ्यात छळणारा भाग नंतर लक्षात आला. बिचारीने पुन्हा सातारा निवडून पाहिला. पण आधीच निवडलेला पर्याय पुन्हा निवडला तर काही बदलत नाही, त्यामुळे इव्हेंट तेव्हाही आला नाही. तिने आधी सांगली निवडून मग साताऱ्याला परत यायला हवं होतं. हे कुणाला कसं सुचावं? अर्ज भरणाऱ्याला वाटतं आपलंच काहीतरी चुकतंय, आणि ते वाटायला लावणं ही माझ्या मते अशा दोषाची खरी किंमत आहे.

लपलेल्या रकान्यांचीही तीच गत. स्क्रिप्टने बदललेली किंमत (रकान्यातलं मूल्य) साध्या रिफ्रेशनंतर फायरफॉक्समध्ये परत येऊ शकते, आणि तो रकाना डोळ्यांना दिसत नसल्याने चूक थेट डेटाबेसमध्ये जाऊन उमटते.

आता आयफोनची तक्रार. तिथे रिफ्रेश झालाच नव्हता. मुलाने अर्ज पाठवला, पुढच्या पानावर फोटोचा आकार मोठा असल्याची सूचना आली, म्हणून तो बॅक दाबून मागे आला. सफारीने अर्जाचं पान टाकून दिलेलं नव्हतं, स्मृतीत गोठवून ठेवलं होतं. याला बीएफकॅशे म्हणतात, मागे-पुढे जाताना वापरायचा साठा. फायरफॉक्समध्ये तो 2005 च्या 1.5 या आवृत्तीपासून आहे. क्रोममध्ये तो अँड्रॉइडवर आवृत्ती 86 पासून आणि डेस्कटॉपवर 2021 मध्ये आवृत्ती 96 पासून आला. म्हणून ‘बॅक केल्यावर बटण मेलं’ ही तक्रार एके काळी सफारी आणि फायरफॉक्सचीच असायची आणि क्रोमवर काम करणाऱ्याला ती दिसायचीच नाही.

गोठवलेलं म्हणजे पूर्ण गोठवलेलं. रकाने, बटणाचा रंग, त्यावरचे शब्द, फिरणारं चक्र, स्क्रिप्टमधले व्हेरिएबल (स्क्रिप्टने लक्षात ठेवलेल्या किमती), सगळं. आम्ही दुहेरी अर्ज टाळायला सबमिट होताच बटण बंद करत होतो आणि ‘पाठवलं’ अशी खूण एका व्हेरिएबलमध्ये ठेवत होतो. मागे आल्यावर ती खूण जिवंत होती. आणि असं पान परत येतं तेव्हा ‘लोड’ (पान नव्याने उघडून तयार झाल्याचा) इव्हेंट येत नाही, त्यामुळे लोडमध्ये लिहिलेली आमची सगळी सुरुवातीची मांडणी निमूट पडून राहिली.

माझ्या क्रोममध्ये हे का दिसत नव्हतं? पानात कुणीतरी कधीकाळी ‘अनलोड’ (पान सोडून जातानाचा) इव्हेंट ऐकणारा कोड टाकला होता. असा कोड असला की डेस्कटॉपवरचा क्रोम ते पान बीएफकॅशेत ठेवत नाही. सफारी मात्र ठेवू पाहतो. फॉर्म एकच, पण एका ब्राउझरला पान नव्याने मिळतंय आणि दुसऱ्याला गोठवलेलं.

समोर असा फॉर्म आला तर मी आता पहिला प्रश्न हाच विचारतो: रिफ्रेश केलंत की मागे आलात? ‘कोणता ब्राउझर’ हा प्रश्न नंतरचा. दुसरी खूण पानावरच असते. रकान्यात जुनं उत्तर, पण स्क्रिप्टने मांडलेलं सगळं कोरं, तर फॉर्म परत भरला गेलाय. बटणावर अजून ‘पाठवत आहोत…’ असेल, चक्र फिरत असेल, तर तेच पान परत उघडलंय. तरीही शंका उरली तर कन्सोलमध्ये (ब्राउझरमधली कोड टाइप करायची जागा) विंडोवर, म्हणजे उघड्या पानाच्या स्मृतीत, एखादी किंमत ठेवा, दुसऱ्या पानावर जा, बॅकने परत या आणि ती किंमत विचारा. ती मिळाली तर पान गोठवलेलंच होतं. क्रोमच्या डेव्हटूल्समध्ये (डेव्हलपरांसाठीच्या साधनांत) अॅप्लिकेशन विभागात बीएफकॅशेची चाचणीही आहे, पान साठ्यात का जात नाही याची कारणं ती दाखवते. फायरफॉक्समध्ये कंट्रोल-शिफ्ट-आर (सक्तीचं रिफ्रेश) दाबून रकाने कोरे झाले आणि दोष गेला, तर तो पहिल्या जातीचा.

(नाव-पत्ता सुचवणारी ऑटोफिल ही तिसरीच गोष्ट. ती पूर्वी कधीतरी साठवलेली माहिती भरते, तिचा इथे संबंध नाही.)

उपायांची अदलाबदल चालत नाही. परत भरलेल्या फॉर्मसाठी सगळीकडे सापडणारा सल्ला म्हणजे ऑटोकंप्लीट (रकाने आपोआप भरू द्यायचे की नाही हे सांगणारी फॉर्ममधली सूचना) ऑफ करा. फायरफॉक्स मग उत्तरं परत बसवत नाही आणि दोष दिसेनासा होतो. मला तो उपाय मान्य नाही. गावाकडे नेट जातं-येतं, अर्धा तास खपून भरलेला अर्ज रिफ्रेशनंतर शिल्लक राहणं ही फायरफॉक्सची मेहरबानी आहे, ती आपण कशाला काढून घ्यायची? चूक आपल्या गृहीतकात आहे की पान उघडताना रकाने रिकामेच असणार. पान तयार झालं की जिल्ह्याची सध्याची किंमत वाचा आणि ‘चेंज’ला जे फंक्शन चालवता तेच एकदा चालवा. तालुक्याची निवड तेवढी पुन्हा करावी लागू शकते. तीही वाचवायची असेल तर सेशन स्टोरेजमध्ये (टॅब बंद होईपर्यंत टिकणारा ब्राउझरमधला साठा) ठेवा.

परत उघडलेल्या पानाला ऑटोकंप्लीटचा काही उपयोग नाही, कारण तिथे कुणी काही भरतच नाहीये. तिथे ‘पेजशो’ इव्हेंट ऐकायचा. तो साध्या लोडलाही येतो आणि गोठवलेलं पान परत येतं तेव्हाही, आणि या दुसऱ्या प्रकारात त्याची ‘पर्सिस्टेड’ ही किंमत खरी असते. ती खरी असेल तर बटण उघडा, शब्द पूर्ववत करा, ‘पाठवलं’ ही खूण पुसा. सर्व्हरकडून नो-स्टोअर (‘साठवू नका’ ही सूचना) पाठवून पान साठूच न देण्याचा मार्गही सुचवला जातो, पण त्यासाठी बॅकचा वेग आणि भरलेली उत्तरं दोन्ही पणाला लागतात.

बटण पुन्हा उघडलं म्हणजे तोच अर्ज दोनदा येऊ शकतो, ही भीती रास्त आहे. पण तो पहारा बटणाने करायचाच नसतो. प्रत्येक अर्जाला सर्व्हरने एकदाच चालणारं टोकन (खुणेचा क्रमांक) द्यावं, अर्ज नोंदला गेला की ते रद्द करावं. फोटोच्या आकारासारख्या कारणाने अर्ज नाकारला असेल तर टोकन शिल्लकच राहतं आणि मुलगा मागे येऊन पुन्हा पाठवू शकतो.

आमच्या अर्जात हे दोन्ही बदल मिळून वीसेक ओळींचे होते. त्या विद्यार्थिनीला मी फोन करून पुन्हा रिफ्रेश करायला सांगितलं. “कराड दिसतंय आता,” ती म्हणाली, आणि अर्ज भरून मोकळी झाली.