पार्श्वभूमी: कापडी पॅड कोणत्या रकान्यात?

नाशिक जिल्ह्यातल्या गरजू मुलींना धुऊन वापरायचे पॅड द्यायचे म्हटले की एक आक्षेप हमखास येतो. शहरातल्या मुलींना विकतचे नॅपकिन, मग सुरगाणा आणि पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या मुलींना पुन्हा कापडच का? आक्षेप घेणाऱ्यांचा हेतू वाईट नसतो. 'कापड' हा शब्दच बदनाम झाला आहे. तो कसा बदनाम झाला हे पाहिल्याशिवाय आजच्या वादाचा उलगडा होत नाही.

फार मागे जायला नको. घरोघरी जुनेर फाडून घड्या केल्या जात. सुती नऊवारी धुऊन धुऊन विरली की तिचे कापड या कामाला सगळ्यात चांगले. त्या काळाबद्दल हळवे होण्यात अर्थ नाही. बाहेर बसवणे, विटाळ, घड्या कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून अंथरुणाखाली किंवा गोठ्याच्या कोपऱ्यात वाळवणे, हेही त्याच काळातले. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. पुढे नायलॉन आणि पॉलिएस्टरच्या साड्या खेड्यापाड्यांत पोहोचल्या. त्या स्वस्त, टिकाऊ आणि झटकन वाळणाऱ्या, त्यामुळे मजुरीला जाणाऱ्या बाईने त्याच घेतल्या, आणि तिने दुसरे काय करायचे होते? मात्र ही साडी विरून मऊ होत नाही आणि ओल शोषत नाही. हळूहळू घरातले सुती जुनेर संपले आणि वयात येणाऱ्या मुलीच्या हाती न शोषणारा, कातडी सोलवटणारा तुकडा आला. टीव्हीवर विकतच्या नॅपकिनच्या जाहिराती सुरू झाल्या तेव्हा तुलना झाली ती या तुकड्याशी, सुती घडीशी नाही.

सरकारी पातळीवर हा विषय उशिरा आला. २०१०-११ मध्ये ग्रामीण भागातल्या १० ते १९ वयाच्या मुलींसाठी केंद्राची योजना आली. आशा कार्यकर्तीमार्फत सहा रुपयांत सहा नॅपकिन असे तिचे स्वरूप होते. डिसेंबर २०१५ मध्ये पाळीच्या स्वच्छतेविषयी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हा नॅपकिनवर १२ टक्के कर बसला. देशभर ओरड झाली आणि जुलै २०१८ मध्ये तो रद्द झाला. त्याआधी ८ मार्च २०१८ रोजी महाराष्ट्रात अस्मिता योजना सुरू झाली होती. जिल्हा परिषद शाळांतल्या ११ ते १९ वयाच्या मुलींना आठ नॅपकिनचे पाकीट पाच रुपयांत मिळायचे आणि वाटपाचे काम गावच्या बचत गटांकडे होते. पाळीविषयी चारचौघांत बोलायला गावाला निमित्त मिळाले, हे या योजनेचे मोठेच काम. पण पाळी चार-पाच दिवसांची आणि दिवसाला तीन बदल धरले, तर एका पाळीला बारा ते पंधरा नॅपकिन लागतात. आठमध्ये भागत नाही. उरलेले दिवस मुलगी कापडावरच काढते आणि त्या कापडाबद्दल तिला कुणीच काही शिकवलेले नसते.

त्याच महिन्यात, २३ मार्च २०१८ रोजी, राज्यात प्लास्टिकबंदीची अधिसूचना निघाली. पिशव्या आणि थर्माकोलच्या ताटांवर गदा आली. नॅपकिनमधल्या प्लास्टिकच्या थराचा विषय मात्र कुणी काढला नाही. नाशिक शहरात घंटागाडी दारात येते. पाड्यावर घंटागाडी नाही. वापरलेला नॅपकिन तिथे शौचालयाच्या खड्ड्यात, ओढ्यात किंवा चुलीत जातो.

मग २०२० चा मार्च आला. शाळा आणि आश्रमशाळा बंद झाल्या, मुली घरी गेल्या. शाळेच्या हातून मिळणारी प्रत्येक वस्तू तेव्हा थांबली. टाळेबंदीच्या पहिल्या आदेशांत नॅपकिन अत्यावश्यक वस्तू आहेत की नाहीत, हेच स्पष्ट नव्हते. २९ मार्चला केंद्राने राज्यांना पत्र पाठवून ते स्पष्ट केले. पण अत्यावश्यक ठरलेली वस्तू पाड्यापर्यंत न्यायला एसटी चालू नव्हती, आठवडे बाजार बंद होते आणि घरात रोजगार नव्हता. धुऊन वापरायच्या पॅडचा विचार ज्यांनी तोवर बाजूला ठेवला होता, त्यांनाही तो त्या महिन्यांत करावा लागला. पुरवठ्याची साखळी तुटल्यावरही मुलीजवळ राहील अशी वस्तू कोणती, हा प्रश्न तेव्हा उघडा पडला.

आता त्या शब्दाकडे येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते २४ वयाच्या मुली-स्त्रियांना पाळीत काय वापरता असे विचारतात. त्यातली स्थानिक बनावटीचे नॅपकिन, सॅनिटरी नॅपकिन, टॅम्पॉन आणि नंतर धरला गेलेला मेन्स्ट्रुअल कप ही साधने 'आरोग्यदायी' मानली जातात. कापड या यादीत नाही. २०१५-१६ च्या फेरीत 'आरोग्यदायी साधन' वापरणाऱ्यांचे देशातले प्रमाण सुमारे ५८ टक्के होते, २०१९-२१ च्या फेरीत ते सुमारे ७७ टक्के झाले. हा आकडा भाषणांत, अहवालांत आणि बातम्यांत सतत येतो. त्याच दुसऱ्या फेरीत कापड वापरणाऱ्यांचे प्रमाण ५० टक्के आहे, आधीच्या फेरीत ते ६२ होते. सत्त्याहत्तर आणि पन्नास मिळून शंभराच्या पुढे जातात, म्हणजे असंख्य जणी दोन्ही वापरतात. शाळेत नॅपकिन आणि घरी कापड, किंवा पहिले दोन दिवस नॅपकिन आणि मग कापड. अशी मुलगी 'आरोग्यदायी'त मोजली जाते. तिचे घरातले कापड कसे धुतले जाते, कुठे वाळते, हे त्या आकड्यात कुठेच नाही.

आणि धुऊन वापरायचे पॅड? त्यांच्यासाठी वेगळा पर्यायच नाही. बचत गटातल्या बाईने शिवले असतील तर कुणी ते 'स्थानिक बनावटीचे नॅपकिन' म्हणून लिहील, कुणी 'कापड' म्हणून. एकच वस्तू, पण एका घरात आरोग्यदायी आणि शेजारच्या घरात अनारोग्यदायी. कागदावरची बारीक बाब वाटेल, पण तिचे परिणाम बारीक नाहीत. ज्या वस्तूने आकडा वर जाईल याची खात्री नाही, तिच्यावर पैसा खर्च करायला कोणता अधिकारी तयार होईल? माझ्या मते, कापडी पॅड सरकारी खरेदीत मागे राहण्याची मुळे या रकान्यात आहेत.

वर्गीकरणाची बाजूही समजून घेतली पाहिजे. कळकट, ओलसर कापडाने खाज, पुरळ आणि संसर्गाचा धोका वाढतो, हे खरेच आहे. प्रश्नावलीत प्रत्येकीला धुण्या-वाळवण्याच्या सवयी विचारत बसणे अवघड, म्हणून वस्तूवरूनच स्वच्छता ठरवली गेली. पण सहा-आठ तास न बदललेला विकतचा नॅपकिनही त्रास देतो आणि स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळलेली सुती घडी देत नाही. २०२१ मध्ये पुन्हा वापरता येणाऱ्या पॅडसाठी स्वतंत्र भारतीय मानक आले, आयएस १७५१४. आधीचे नॅपकिनचे मानक एकदा वापरून टाकायच्या वस्तूला धरून होते. एका मानकाने कापडी पॅडला वस्तू म्हणून मान्यता दिली, तरी सर्वेक्षणाच्या भाषेत ती अजून बिननावाची आहे. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळकरी मुलींसाठी देशभर एकसारखे धोरण आखायला सांगितले, तेव्हाही चर्चा मुख्यतः नॅपकिन आणि शाळांतली स्वच्छतागृहे यांचीच झाली.

नाशिकच्या पश्चिम पट्ट्यात हे पॅड चालतील का, याचे उत्तर कापडात नाही, पाण्यात आणि उन्हात आहे. हा सह्याद्रीचा घाट, धो धो पावसाचा. तरी एप्रिल-मे महिन्यांत विहिरी तळाला जातात आणि बाया हंडे घेऊन रांगेत उभ्या राहतात. आश्रमशाळांना सुट्टी असते तीही नेमकी तेव्हाच. म्हणजे वर्गातून मिळणारा नॅपकिन बंद आणि घरात कापड धुवायला पाणी नाही, असे दोन्ही बाजूंनी आवळणारे ते सहा आठवडे असतात. जूनच्या मध्यात शाळा उघडते तेव्हा पाणी मुबलक असते, पण पुढचे तीन-चार महिने ऊन नसते. जाड शिवलेला पॅड इगतपुरीच्या पावसात तीन दिवसांतही वाळत नाही. म्हणून दोन भागांचा नमुना इथे बरा: खाली न झिरपणारा बटणाचा पट्टा आणि वर सुटी, उलगडणारी सुती घडी. घडी उलगडली की एकेरी कापड, पंख्याखालीही वाळते. जुनेराची घडीही अशीच होती, हे इथे सांगायला हवे.

शिवाय मोसमी मजुरी आहे. छाटणीपासून खुड्यापर्यंत, ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान, पेठ-सुरगाण्याची कुटुंबे दिंडोरी आणि निफाडच्या द्राक्षबागांत येतात. बरोबर आलेल्या, शाळा सुटलेल्या मुलीला शाळेतून मिळणारे काहीच मिळत नाही. बागेत आडोसा नाही, पॅड बदलायला जागा नाही, आणि मुकादमाला सांगायचे तरी कसे? तिच्या पिशवीत पाच-सहा घड्या असतील तर दोन-अडीच वर्षे भागते, तेवढ्या काळात विकतचे तीन-चारशे नॅपकिन लागले असते. पण बागेतला पाइप फवारणीचा आहे, ते पाणी वापरायचे नाही, हे तिला देतानाच सांगावे लागते.

वस्तू देऊन मोकळे होणे इथे चालत नाही, हे अशा पॅडच्या सुरुवातीच्या वाटपांनी शिकवले. साबण, झाकणारी पिशवी, वाळत घालायला दोरी आणि चिमटे, वसतिगृहात मुलींचीच म्हणून राखलेली उन्हाची जागा हे सगळे हवे. थंड पाण्यात आधी भिजवायचे, गरम पाण्याने डाग पक्का बसतो, एवढी साधी गोष्टही दाखवावी लागते. आणि एक वस्तू यादीतून सर्रास सुटते. पॅडचे बटण निकरला लागते. धड इलॅस्टिक असलेली एकही निकर नसलेल्या मुली आश्रमशाळेत आहेत. त्यांना नुसते पॅड दिले तर ते पेटीच्या तळाशी नवेकोरे पडून राहतात, म्हणून आता संचाची यादी करताना दोन निकर सगळ्यात वर लिहाव्या लागतात.