जुनी पिस्तुले : सुटी करणे व स्वच्छता

ठासणीच्या (तोंडाकडून दारू भरायच्या) पिस्तुलाचे लॉक (बार पेटवणारी यंत्रणा), नळी व लाकडी दस्ता वेगळे करून त्यांवरील गंज व दारूचे क्षार काढण्याची, आणि भाग पुन्हा जुळवण्याची क्रिया. मुंबईत पावसाळ्यात हवेतील सापेक्ष आर्द्रता ८० टक्क्यांवर असते, त्यात समुद्राचा खार. त्यामुळे येथील संग्राहकाला ती टाळता येत नाही.

हात लावण्यापूर्वी पिस्तुलाचा प्रकार ठरवावा लागतो. चकमकीचे पूर्ण विकसित लॉक सतराव्या शतकाच्या आरंभी फ्रान्समध्ये तयार झाले असावे. त्याचे श्रेय सामान्यतः लिझ्यू येथील मारँ ल बूर्झ्वा याला देतात. स्कॉटिश धर्मोपदेशक अलेक्झांडर फोर्सिथ याने आघाताने पेटणाऱ्या स्फोटक मिश्रणाच्या लॉकचे पेटंट १८०७ मध्ये घेतले. असे मिश्रण भरलेली तांब्याची छोटी टोपी मात्र कोणाची, याबद्दल एकमत नाही. जोशुआ शॉ, जोसेफ एग, जोसेफ मँटन असे अनेक दावेदार आहेत. पीटर हॉकर याने तर ही कल्पना आपणच मँटनला सुचवली असे म्हटले. शॉचा १८१४ चा दावा मुख्यतः त्याच्याच निवेदनावर उभा आहे, त्याचे अमेरिकी पेटंट १८२२ चे आहे. तेव्हा १८२० च्या आसपासचा काळ धरणे अधिक सुरक्षित. पुढे असंख्य चकमकी पिस्तुले टोपीदार करण्यात आली. लॉकच्या पट्टीवरील बुजवलेली स्क्रूची छिद्रे हाच बहुधा त्याचा पुरावा असतो, आणि नवशिक्याच्या पॉलिशखाली पहिल्यांदा तोच जातो.

नळी भरलेली नाही ना, हे आधी पाहावे. लाकडी काठी आत टेकेपर्यंत सरकवून तोंडाशी खूण करावी व ती बाहेरून कान्याशी (बार पेटवण्याच्या छिद्राशी) ताडून पाहावी. काठी बरीच अलीकडेच अडली, तर आत बार असू शकतो, आणि शंभर वर्षांची दारूही पेटते. मग घोडा अर्ध्यावर चढवून लॉकचे स्क्रू थोडे सैल करावेत, त्यांच्या डोक्यांवर लाकडी हातोडीने हलके ठोकावे, म्हणजे लॉक दस्त्याची कड न उचकटता सुटते. स्क्रू ड्रायव्हरचे पाते खाचेत नेमके बसलेच पाहिजे. नळी खिळींनी वा पाचरींनी बसवलेली असते. तिच्या बुडाचा पेच काढू नये.

काळ्या दारूत सुमारे ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा व १० टक्के गंधक असते. तिच्या राखेतील पोटॅशियमचे क्षार ओल ओढतात. पोटॅशियम क्लोरेटच्या टोप्यांनी मागे ठेवलेले क्लोराइड तर तेलात विरघळतच नाही. म्हणून आतून आधी पाण्याने ओलावलेली चिंधी, लगेच कोरडी, मग तेल. लाकडाला पाणी लागू देऊ नये, तेलही झिरपू देऊ नये. बाहेरील तपकिरी झाक ठेवून केवळ लाल, भुकटीसारखा गंज काढावा; वर सूक्ष्मस्फटिकी मेण.

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ मधील, त्या कायद्याच्या बंधनांतून मिळणारी सूट दुरुस्ती करूनही चालू न शकणाऱ्या पुराणवस्तू-शस्त्रांपुरती आहे. शंभर वर्षांहून जुन्या नगाला पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ लागू होऊ शकतो. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात शस्त्रांचा संग्रह तसेच संधारण केंद्र आहे.