धुऱ्यावर काहीतरी हाये

मी ब्रह्मपुरी तालुक्यातला, एका बाजूला धानाच्या बांध्या आणि दुसऱ्या बाजूला जंगल, त्यामुळे धान लोंबीवर आला की आमच्याकडे जागल, म्हणजे रात्रीची राखण, सुरू होते, नाहीतर रानडुकरं एका रात्रीत बांधीचा पार चिखल करून टाकतात. आठवीत असताना काकाजींसोबत पहिल्यांदा मचाणावर बसलो होतो. मध्यरात्री कधीतरी त्यांनी माझा गुडघा दाबला आणि हळूच म्हटलं, "चूप राह्य. धुऱ्यावर काहीतरी हाये."

धुरा म्हणजे शेताच्या कडेचा बांध. बस, एवढंच. त्यानंतर पाऊण तास काही म्हणजे काही झालं नाही, तुरीत मधूनच खसखस व्हायची आणि थांबायची, पण तो पाऊण तास मला आजही मिनिटामिनिटानं आठवतो आणि चांगला थ्रिलर पाहताना पोटात जो गोळा येतो ना, तो अगदी तोच असतो. दोन्हीकडे शरीर एकच काम करून राहिलेलं असतं.

काकाजी बोललेच नसते आणि एकदम डुक्कर समोर आलं असतं तर मी दचकलो असतो, दोन सेकंदांत विषय संपला असता. थरारपटांचा बादशहा दिग्दर्शक हिचकॉकनं १९६२ च्या मुलाखतीत फ्रेंच दिग्दर्शक त्रुफोला हेच सांगितलं होतं. दोन माणसं टेबलाशी बसून साध्या गप्पा मारताहेत आणि अचानक टेबलाखालचा बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला १५ सेकंदांचा धक्का मिळतो. पण बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकाला आधीच दिसला असेल तर त्याच रटाळ गप्पांमधून १५ मिनिटांचा सस्पेन्स तयार होतो, कारण आता प्रत्येक वाक्याला आपण मनात ओरडत असतो की अरे उठा तिथून. आपल्याला माहीत आहे, त्यांना नाही. दिवाळीनंतर आमच्या झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकात हे दरवर्षी दिसतं, खलनायक पडद्याआडून सुरा घेऊन निघाला की पुढं बसलेली पोट्टेच काय, म्हाताऱ्या बायासुद्धा ओरडतात, "अरे मांगं पाह्य, मांगं!"

पण नुसतं माहीत असून भागत नाही, काहीतरी माहीत नसावंही लागतं. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या संशोधकांनी २०१६ मध्ये ४५ जणांना कॉम्प्युटरवर एक खेळ खेळायला दिला, दगड उचलायचा आणि त्याखाली साप आहे का ते आधी सांगायचं, साप निघाला की हाताला खराखुरा विजेचा झटका. (दगडाखाली साप, आपल्याला काय नवीन नाही ते.) घाम आणि डोळ्याच्या बाहुल्या मोजल्या तर सगळ्यात जास्त ताण कधी आला? झटका नक्की बसणार हे माहीत असताना नाही, तर शक्यता बरोब्बर अर्धी-अर्धी असताना. नक्की बसणार म्हटलं की माणूस मनाची तयारी करतो, फिफ्टी-फिफ्टीत मेंदूला दोन्हीकडची तयारी करावी लागते आणि कुठंच टेकता येत नाही. चांगला दिग्दर्शक आपल्याला नेमकं तिथंच धरून ठेवतो, हिरो वाचेल असं वाटलं की काहीतरी अडकवतो, मरेल असं वाटलं की एक फट उघडतो.

तेव्हा शरीरात काय चालतं, तर मेंदूतला अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची सूचना देतो, ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, तळहात ओले होतात. आणि नजर आवळते. अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये २०१५ साली लोकांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून थरारक सीन दाखवले आणि पडद्याच्या कडेला चौकटी लुकलुकत ठेवल्या, तर ताण वाढला की कडेचं पाहणारा मेंदूचा भाग मंदावायचा आणि ताण उतरला की परत जागा व्हायचा. त्या रात्री मला मच्छर चावल्याचं सकाळी कळलं, ते यामुळंच असावं.

आवाजाचा हिशोब वेगळाच. जंगलात वाघ क्वचित दिसतो, आधी वानर खाकरतं, चितळ ओरडतं, आणि गाईड कुजबुजतो की कॉल (धोक्याची हाक) होऊन राहिला, की जिप्सीतले सगळे गप्प. वाघ अजून कुठंच नाही पण तो सगळीकडे आहे. १९७५ च्या 'जॉज' सिनेमात असंच झालं, यांत्रिक शार्क समुद्रात सारखा बिघडायचा म्हणून दिग्दर्शक स्पीलबर्गनं तो फार कमी दाखवला आणि दोन सुरांच्या संगीतावर भागवलं. माझ्या मते तो शार्क नीट चालला असता तर सिनेमा एवढा भिववणारा झाला नसता.

आता धुऱ्यावर काय होतं ते सांगतो. काकाजींनी बॅटरी मारली तर सायाळ, काटे फुलवून उभी, आणि खळखळ करत पळाली. मी इतका हसलो की मचाण हलायला लागलं, एवढं हसण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. डॉल्फ झिलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञानं याचं उत्तर दिलंय, धोका गेला तरी रक्तातली उत्तेजना लगेच उतरत नाही, ती पुढच्या भावनेत मिसळते आणि सुटकेचा आनंद दुप्पट करते. म्हणून तर पैसे देऊन घाबरायला जातो आपण.

आणि एक गोष्ट मला सगळ्यात जास्त लागली. हिचकॉकच्या १९६१ च्या एका टीव्ही भागात लहान पोरगं काकाच्या बॅगेतलं खरं पिस्तूल खेळणं समजून घेतं, त्यात गोळ्या भरतं आणि गावभर लोकांवर रोखत फिरतं. न्यूयॉर्कमध्ये उरी हॅसन यांच्या टीमनं २००८ मध्ये दाखवलं की हे पाहताना वेगवेगळ्या प्रेक्षकांच्या मेंदूच्या पृष्ठभागाचा ६५ टक्क्यांहून जास्त भाग एकाच लयीत चालतो, बागेतल्या न कापलेल्या साध्या शूटिंगला तो आकडा ५ टक्क्यांच्याही खाली. पुढं २०१४ मध्ये कॅनडात लोरिना नाची आणि एड्रियन ओवेन यांनी याच टीव्ही भागाची ८ मिनिटांची आवृत्ती अशा एका रुग्णाला दाखवली जो १६ वर्षं कुणालाच, कशालाच प्रतिसाद देत नव्हता. गोष्ट कळायला पिस्तूल भरलेलं आहे हे लक्षात ठेवावं लागतं, पोराला ते माहीत नाही हे समजावं लागतं, पुढं काय होईल याचा अंदाज बांधावा लागतो, आणि हे काम मेंदूच्या पुढच्या आणि वरच्या भागांचं. निरोगी लोकांमध्ये सीन ताणला गेला की हे भाग जसे वरखाली व्हायचे, जवळजवळ तसेच त्या माणसाचेही होत होते. बाहेर पापणीचासुद्धा इशारा नाही, आणि आत तो त्या पोराच्या बोटाकडे पाहत होता.