बिगर-कार्यकारी संचालक म्हणजे नुसते नावापुरते?

कंपनीच्या संचालक मंडळावर बसायचं, पण रोजचा कारभार पाहायचा नाही, म्हणजे जबाबदारीही नाही, असं बिगर-कार्यकारी संचालकांबद्दल सर्रास सांगितलं जातं. ते खरं नाही. ऑस्ट्रेलियातल्या सेंट्रो या शॉपिंग सेंटर चालवणाऱ्या समूहाच्या ताळेबंदात वर्षभरात फेडायची प्रचंड कर्जं दीर्घ मुदतीची म्हणून दाखवली गेली. लेखापरीक्षकांच्याही नजरेतून ती चूक सुटली. तरी २०११ मध्ये न्यायालयाने बिगर-कार्यकारी संचालकांवरही कर्तव्यात कसूर केल्याचा ठपका ठेवला. कागदांचा ढीग फार मोठा होता, ही सबबही (मानवी असली तरी) चालली नाही.

तेव्हा असं संचालकपद घ्यायला होकार देण्याआधी मागचे ताळेबंद, बैठकांची इतिवृत्तं, चालू खटल्यांची माहिती मागा. संचालकांसाठीचा विमा आहे का, तेही पाहा. जाणूनबुजून केलेल्या फसवणुकीला तो सहसा लागू होत नाही. कागद द्यायला टाळाटाळ झाली, तर माझ्या मते सरळ नकार द्यावा.